पुढे चालू

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या एका मराठी वाचनालयाने मला बोलावले होते. अशा कार्यक्रमांचा साचा ठरलेला असतो. पाऊण तास बोलायचे, पंधरा मिनिटे प्रश्नोत्तरे, मग शाल, श्रीफळ आणि चहा. प्रश्नही ठरलेले असतात. सुचते कसे, रोज लिहिता का, नोकरी सांभाळून वेळ कसा मिळतो. माझी उत्तरेही आता ठरून गेली आहेत आणि ती देताना मी मनातल्या मनात हैदराबादच्या गाडीची वेळ मोजत असते. त्या संध्याकाळीही तेच चालले होते. दिवाळी अंक नुकतेच हातावेगळे झाले होते, एका मासिकाचा लेख चार दिवस उशिरा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कचेरीत हजर राहायचे होते.

लोक पांगल्यावर शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ जवळ आले. ऐंशीच्या घरातले असावेत. पिशवीतून त्यांनी एक वही काढली. ती वही नव्हतीच. मासिकातून कापलेली पाने दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवलेली होती. माझीच कादंबरी. अकरा हप्ते, आणि अकराव्याच्या शेवटी छापलेले दोन शब्द : पुढे चालू.

“ताई, ह्याच्या पुढचं कुठे मिळेल?” त्यांनी विचारले.

“काका, ते मासिक बंद पडलं. नऊ वर्षं झाली.”

“ते मला माहीत आहे. मासिक बंद पडलं. तुम्ही कशा बंद पडलात?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते पुढे म्हणाले, “हिला आता दिसत नाही. मी वाचून दाखवतो. अकरावा संपला की ती दरवेळी विचारते, मग काय झालं?”

मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि गाडी पकडली. गाडीत मला झोप आली नाही. अशा वेळी माझा एक जुना बचाव असतो : अपुऱ्या कादंबऱ्या हरिभाऊंनीही सोडल्या होत्या. त्या रात्री पहिल्यांदाच वाटले की हा बचाव तपासून पाहावा. हरिभाऊंच्या कादंबऱ्या अपुऱ्या का राहिल्या? आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, ज्या पुऱ्या झाल्या त्या कशाच्या जोरावर झाल्या? पुढचे काही महिने मी फावल्या वेळात तेच वाचत होते. त्या वाचनाचा हा जमाखर्च.

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण मुंबई-पुण्यात. वाचन अफाट, पण गणिताने दगा दिला आणि पदवी हाती लागली नाही. विद्यार्थी असतानाच त्यांनी आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर बहात्तर पानांचे परीक्षण लिहिले होते. पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्रातून येऊ लागली. म्हणजे मराठीतल्या पहिल्या मोठ्या सामाजिक कादंबरीकाराची सुरुवातच हप्त्याने झाली. पुस्तक आधी लिहून मग छापायला देणे ही चैन त्यांना तेव्हाही नव्हती आणि पुढेही फारशी मिळाली नाही.

१८९० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. घरातल्या सर्वांनी, बायकामुलांनीही वाचावे असे पत्र काढण्याचा तो बेत होता. नावात करमणूक असली तरी आत गोष्टी होत्या, चरित्रे होती, शास्त्रीय माहिती होती. आणि होती चालू कादंबरी. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही तिथेच १८९० पासून येऊ लागली आणि १८९३ पर्यंत चालली. पाठोपाठ ‘मी’, ‘उषःकाल’, ‘जग हे असे आहे’, ‘गड आला पण सिंह गेला’. एक कादंबरी संपायच्या आत दुसरी सुरू झालेली असे. ‘करमणूक’ १९१७ पर्यंत चालले. सुमारे सत्तावीस वर्षे एका माणसाच्या डोक्यावर दर आठवड्याची तारीख लटकत होती.

हे वाचताना मी नकळत हिशेब मांडते. मासिकाचा हप्ता महिन्याला एकदा, तरी माझी त्रेधा उडते. साप्ताहिक म्हणजे वर्षाला बावन्न वेळा. मजकूर जुळाऱ्याच्या हातात गेला की मागे फिरणे नाही. तिसऱ्या प्रकरणात एखाद्या पात्राला गावाला पाठवले आणि विसाव्या प्रकरणात ते घरी हवे असले, तर त्याला परत आणण्याची सबब शोधावी लागते. वाचकाने तिसरे प्रकरण वाचून झालेले असते. मुद्रिते तपासायची, इतरांचा मजकूर वाचायचा, वर्गणीदारांची पत्रे पाहायची, आणि या सगळ्यात बसून यमूच्या डोळ्यांतले पाणी लिहायचे.

शिवाय हे त्यांचे पोटापाण्याचे काम नव्हते. पोटापाण्याचे काम होते आनंदाश्रमाचे. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात ही संस्था काढली, संस्कृत हस्तलिखिते जमवण्यासाठी आणि ग्रंथ छापण्यासाठी. हरिभाऊ तिचे व्यवस्थापक होते. अप्पा बळवंत चौकाजवळ ती वास्तू आजही आहे. पुस्तके घ्यायला जाणारी पोरे तिच्यावरून रोज जातात. तिसरे काम गावाचे. हरिभाऊ पुण्याच्या नगरपालिकेत वर्षानुवर्षे राबले आणि तिचे अध्यक्षही झाले. १८९५ ते १८९७ ही ‘उषःकाल’ चालू असल्याची वर्षे, आणि १८९७ म्हणजे पुण्याच्या प्लेगचे वर्ष. शिवकालातल्या किल्ल्यांवरची रात्र लिहिणारा माणूस ज्या गावात बसून लिहीत होता, त्या गावातली घरे रिकामी होत होती. चौथे काम सभांचे. १९१२ मध्ये अकोल्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पाचवे काम मैत्रीचे. गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे जवळचे स्नेही. गोविंदराव आणि काशीबाई कानिटकर यांच्याशी तर दीर्घ पत्रव्यवहार.

या यादीनंतर ‘गणपतराव’ अपुरी राहिली, ‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली, आणखीही काही राहिल्या, याचे नवल वाटत नाही. नवल उरते ते पुऱ्या झालेल्यांचे.

आपट्यांच्या कादंबऱ्यांवर समीक्षकांनी पाल्हाळाचा आरोप केला आहे आणि तो खोटा नाही. पण हप्त्याने लिहिणाऱ्याला त्या पाल्हाळाचे कूळ ओळखीचे वाटते. मागच्या आठवड्यात काय झाले याची आठवण द्यावी लागते. कथानक दोन पावले पुढे न्यायची तयारी नसेल तर स्वयंपाकघरात थोडे रेंगाळावे लागते. कधी कधी याच रेंगाळण्यातून कादंबरी घडते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमू स्वतः सांगते. आठवणी सांगणाऱ्या बाईला सलगपणाचे बंधन नसते. ती थांबते, मागे जाते, ‘ते सांगायचं राहिलंच’ म्हणते. आठवड्याचा खंड आणि यमूच्या बोलण्यातला खंड एकमेकांत बेमालूम मिसळून जातात. आत्मकथनाची ती तऱ्हा आपट्यांनी साप्ताहिकासाठी निवडली असे मी म्हणणार नाही. पण साप्ताहिकाला ती मानवली हे मात्र प्रत्येक प्रकरणात दिसते. तीन वर्षे दर आठवड्याला एक विधवा मुलगी मध्यमवर्गीय घरात येऊन बसत होती आणि आपली हकीकत सांगत होती. एका बैठकीत वाचून मिटून ठेवलेल्या पुस्तकाला घरात असे मुरता आले नसते.

हे केवळ मराठीत घडले असेही नाही. भारतीय कादंबरीचे बरेचसे बालपण असेच कचेरीतून घरी आलेल्या माणसाच्या संध्याकाळीत गेले. बंकिमचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. १८७२ मध्ये त्यांनी ‘बंगदर्शन’ काढले आणि त्यात ‘विषवृक्ष’ हप्त्याहप्त्याने दिली. ओडिशात फकीरमोहन सेनापतींची कारकीर्द संस्थानांच्या कारभारात गेली. त्यांची ‘छ माण आठ गुंठ’ १८९७ ते १८९९ या काळात ‘उत्कल साहित्य’मधून ‘धूर्जटी’ या टोपणनावाने आली. तिच्याविषयी एक गोष्ट सांगतात. कथेत जमीनदार मंगराजावर खटला चालू होण्याचा भाग आला, तेव्हा खेड्यांतली माणसे तो खटला पाहायला कटकच्या कचेरीत येऊन पोचली. अलीकडे प्रकाशक ज्याला ‘वाचकभेट’ म्हणतात, तिचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. लेखक तिथे नव्हताच. लोक पात्राला भेटायला आले होते.

तमिळमध्ये कल्कींनी स्वतःच्या ‘कल्की’ साप्ताहिकात ‘पोन्नियिन सेल्वन’ लिहिली, ऑक्टोबर १९५० पासून मे १९५४ पर्यंत, साडेतीन वर्षे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते गेले. तारीख पाळत पाळत त्यांनी चोळांचा अख्खा काळ उभा केला आणि तारखांच्या पलीकडे त्यांना जेमतेम सात महिने मिळाले.

म्हणजे अंकाची तारीख ही लेखनाची वैरी नव्हे. मग काय वैरी? याचे उत्तर मला चार्ल्स डिकन्सच्या आयुष्यात सापडले. हरिभाऊही ज्यांचे इंग्रजी लेखन वाचून वाढले, त्यांपैकी तो एक.

डिकन्सची हप्त्याची शिस्त दंतकथेसारखी आहे. ‘पिकविक’ १८३६ मध्ये सुरू झाली : महिन्याला बत्तीस पाने, किंमत एक शिलिंग. पुढच्या कादंबऱ्यांसाठी तो प्रत्येक अंकाचा एक कागद करी. कागदाच्या एका बाजूला स्वतःला विचारलेले प्रश्न, अमक्याला या अंकात आणावे की नको. दुसऱ्या बाजूला प्रकरणांची मांडणी. सकाळी लेखन, दुपारनंतर मैलच्या मैल चालणे. मे १८३७ मध्ये त्याची तरुण मेहुणी मेरी अचानक गेली, आणि त्या जूनमध्ये अंक निघाला नाही. एवढ्या वर्षांत दुःखाने तारीख चुकवल्याचा हा एकच प्रसंग. जून १८६५ मध्ये स्टेपलहर्स्टला त्याची आगगाडी पुलावरून घसरली. जखमींना पाणी पाजून झाल्यावर लोंबकळत्या डब्यात तो पुन्हा शिरला, कारण चालू कादंबरीच्या पुढच्या अंकाचे हस्तलिखित आत राहिले होते. हे वाचून हसावे की गलबलून यावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. हप्त्याने लिहिणारा कुठलाही माणूस बहुधा आत शिरला असता.

पण १८५८ पासून डिकन्सने दुसरेही एक काम सुरू केले होते, स्वतःच्या कादंबऱ्यांचे तिकीट लावून जाहीर वाचन. गर्दी लोटत असे. पैसा हप्त्यांपेक्षा झपाट्याने येई आणि टाळ्या तर हप्त्यात मिळतच नाहीत. १८६७-६८ च्या हिवाळ्यात अमेरिकेत त्याने शहात्तर वाचने केली, तीही सर्दी-खोकल्याने आणि सुजलेल्या पायाने बेजार असताना. परत आल्यावर ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग कार्यक्रमात घातला. स्त्रिया भोवळ येऊन पडत. त्याची नाडी किती चढते हे मोजायला डॉक्टर पडद्यामागे बसत. एप्रिल १८६९ मध्ये डॉक्टरांनी दौरा मध्येच थांबवला. तरी १८७० मध्ये निरोपाची आणखी बारा वाचने झालीच. शेवटचे १५ मार्चला. ९ जूनला तो गेला. ‘एडविन ड्रूड’चे बारा भाग ठरले होते. सहा लिहून झाले होते.

इथे मला माझ्या गाडीतल्या प्रश्नाचा एक पदर सुटला. वाचकाचे वाट पाहणे दोन प्रकारचे असते. एक वाचक घरी बसून पुढच्या अंकाची वाट पाहतो. त्याला तुमचा चेहरा माहीत नसतो आणि त्याची गरजही नसते. त्याला यमूचे काय झाले ते हवे असते. दुसरा वाचक सभागृहात तुमची वाट पाहतो. त्याला तुम्ही हव्या असता. पहिल्याने कादंबऱ्या लिहून घेतल्या. दुसऱ्याचे प्रेमही खरेच आहे, पण ते फेडायला जो वेळ जातो, तो पहिल्याच्या खात्यातून जातो. डिकन्सच्या शेवटच्या बारा वर्षांत मासिक हप्त्यांची पूर्ण अशी एकच मोठी कादंबरी आली. त्याच्या स्वतःच्या साप्ताहिकातून आणखी दोन आल्या हे खरे, पण पूर्वीच्या वेगाच्या मानाने हा ओघ रोडावलेलाच म्हणावा लागेल.

प्रेमचंदांचे शेवटचे वर्ष वाचताना हाच हिशेब आणखी टोचतो. बनारसचा सरस्वती छापखाना, ‘हंस’ मासिक आणि ‘जागरण’ यांच्या तोट्याने ते बेजार झाले होते. १९३४ मध्ये ते सिनेमाची नोकरी धरून मुंबईत आले, दादरला राहिले, ‘मजदूर’ची कथा लिहिली, आणि वर्ष पुरे होता होता १९३५ मध्ये परत गेले. १९३६ मध्ये ‘गोदान’ आली. त्याच एप्रिलमध्ये लखनौला प्रगतिशील लेखकांच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद, पाठोपाठ नागपूरला भारतीय साहित्य परिषदेची बैठक. उन्हाळ्यात आजार बळावला. ऑक्टोबरात ते गेले. ‘मंगलसूत्र’ नावाची कादंबरी टेबलावर होती, थोडीच लिहून झालेली. तिचा नायक लेखकच आहे.

लखनौचे ते भाषण नसते तर ‘मंगलसूत्र’ पुरी झाली असती, असे मी म्हणत नाही. ते भाषण हिंदी-उर्दूच्या इतिहासाला हवेच होते. हरिभाऊंची नगरपालिका पुण्याला हवी होती. त्यांनी दुष्काळावर ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट लिहिली. गावाच्या कामात नसलेल्या माणसाला ती तशी लिहिता आली असती का, मला शंका आहे. बाहेरची कामे लेखनातून काढतात आणि लेखनात घालतातही. जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंना तीच नावे येतात.

याच हिशेबात आणखी एक नाव आहे, ज्याच्याकडे वेळच मोजून आला होता. काशीबाई कानिटकर. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा शिकलेला आणि त्याला बायको शिकलेली हवी, म्हणून सासरी लपूनछपून, घरातल्यांच्या नजरा चुकवून त्या वाचायला शिकल्या. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी पुस्तकरूपाने १९०३ मध्ये आली. हरिभाऊंच्या दिवसाची यादी मी वर केली, तशी काशीबाईंच्या दिवसाची करायला बसले तर निम्मी कामे अशी निघतील ज्यांना कोणी काम म्हणतच नाही. हरिभाऊंना उशीर झाला तर ‘करमणूक’चा अंक अडत होता. काशीबाईंच्या लिहिण्यावाचून घरात कुणाचे काहीच अडत नव्हते. लिहिण्याच्या वाटेत सगळ्यात मोठा अडसर तारखेचा असतो असे मानणाऱ्यांनी, जिला कुणी तारीखच दिली नाही अशा बाईकडे एकदा पाहावे.

मी स्वतःकडे पाहिले. मासिक बंद पडले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते. ते मी आजवर कबूल केलेले नाही. आता कादंबरी निवांतपणे, एकटाकी, हवी तशी पुरी करता येईल असे मी लोकांना सांगत होते. नऊ वर्षांत बारावे प्रकरण झाले नाही. सभा मात्र शंभराच्या आसपास झाल्या असतील, आणि त्यांतल्या पुष्कळशा याच कादंबरीमुळे. लोक त्या कादंबरीसाठी मला बोलावत राहिले आणि मी तिच्याविषयी बोलत राहिले. संपादकांचे दर महिन्याच्या वीस तारखेला येणारे पत्र मला जाच वाटे. ते पत्र थांबल्यावर कळले की माझी अकरा प्रकरणे त्या पत्राने लिहून घेतली होती.

तेव्हा हरिभाऊंचा आधार मला घेता येत नाही. त्यांच्या अपुऱ्या कादंबऱ्यांच्या बाजूला पुऱ्या झालेल्यांची रांग उभी आहे, आणि आनंदाश्रम, प्लेग, नगरपालिका या सगळ्यांतून वाट काढत सत्तावीस वर्षे निघालेले अंक आहेत. ३ मार्च १९१९ ला ते गेले तेव्हा ‘करमणूक’ बंद होऊन दोन वर्षेही धड झाली नव्हती.

इंदूरहून निघताना त्या गृहस्थांनी आपला पत्ता मला एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. शिष्टाचार म्हणून मी ती पर्समध्ये ठेवली होती. उन्हाळ्यात मी ती काढली आणि त्यांना पोस्टकार्ड टाकले : काका, दर महिन्याच्या वीस तारखेला एक प्रकरण पाठवीन, एकवीस तारखेपर्यंत निघाले नाही तर पत्र लिहून जाब विचारा. मग पुढच्या सहा महिन्यांची चार निमंत्रणे नाकारली. त्यांतले एक मला मनापासून हवे होते.

बारावे प्रकरण जूनमध्ये गेले. ते चांगले झालेले नाही; नऊ वर्षांचा गंज त्यात दिसतो, आणि मागचे आठवून देण्यात चार पाने गेली आहेत. तेरावे तीन दिवस उशिरा निघाले. चोविसाला सकाळी इंदूरहून फोन आला. काका बोलले नाहीत. आवाज बाईंचा होता, बारीक पण ठाम.

“वीस तारीख होऊन गेली,” त्या म्हणाल्या. “मग काय झालं?”